आवाजाची चरखी

पेशकारसाहेब गळ टाकून बसले, की दर दोन-चार मिनिटांनी दोरी गुंडाळायच्या चरखीची मूठ फिरवायचे. मासा लागलेला असो वा नसो. चरखी जुनी, लाकडी. तिच्या खटक्याचा कर्रर्र आवाज पार वरच्या गल्लीपर्यंत जायचा. नळदुर्गात बोरी नदीच्या काठी बसून एवढा गोंगाट करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. माझं डोकं फिरायचं. "अहो साहेब, मासे पळतात की!" म्हटलं, तर शांतपणे म्हणायचे, "पळू द्या मास्तर. त्यांना पळायला जागा हाय."

मी तिथं पोस्टमास्तर होतो. बदलीचे तीन अर्ज नामंजूर होऊन आलेले, बिऱ्हाड सोलापूरला, संध्याकाळ नुसती खायला उठायची. साहेब निजामाच्या अमदानीत कचेरीत पेशकार होते. राज्य गेलं, कचेरी गेली, हुद्दा तेवढा नावाला चिकटून राहिला. मासा मी खात नाही, पण त्यांच्या शेजारी जाऊन बसायचो. आम्ही दोघंही अडकलेले. मी रोज कुरकुरायचो, ते कधीच नाही. घरापासून त्यांच्या बसायच्या दगडापर्यंत शंभरेक पावलं. त्यापलीकडं त्यांना मी कधी पाहिलं नाही. बाजाराला चला म्हटलं तरी एकच उत्तर, "बीबी घरात हाय." बीबी म्हणजे त्यांची बायको. पाय गेल्यामुळं ती बाजेवरच असायची.

पुढं चरखीचे दात झिजले, खटका वाजेना, तेव्हा साहेबांचं नदीवर येणंच बंद झालं आणि नवी घ्यायचं ठरलं. साहेबांनी मुंबईच्या एका दुकानाचा कॅटलॉग टपालानं मागवला. त्यात तीन तऱ्हा होत्या. एक साध्या चाकाची. मोठ्या माशाला खंबीर, पण गळ लांब जात नाही. दुसरीचं चाक जागीच राहतं आणि दोरी सुळकन सुटते, गळ थेट पैलतीराला. तिसरी झाकणाची, नवशिक्यांसाठी. दोन महिने त्यांच्या अंगणात आमचा काथ्याकूट चालला होता. मी दुसरीच्या बाजूचा. साहेब सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "तिला आवाज हाय का?"

"नाही ना! तेच तर तिचं चांगलं!"

"मग साधीच बरी, मास्तर."

खात्याच्या परीक्षेला मी मुंबईला निघालो, तेव्हा त्यांनी साध्या चाकाची, खणखणीत आवाजाची आणायला बजावून सांगितलं. पण आम्ही शहाणे! दुकानात दोन्ही फिरवून पाहिल्या आणि दुसरीच उचलली, लोण्यासारखी मऊ फिरणारी. म्हातारा हट्टी आहे, हातात आली की खूश होईल, असं मला वाटलं. परतल्यावर ऐटीत म्हटलं, "ही माझ्याकडून भेट."

साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली. भेट नाकारणं त्यांच्या तहजिबीत बसत नव्हतं. उलट देणाऱ्याच्या देखत ती वापरायला हवी, म्हणून त्याच संध्याकाळी नदीवर आले. गळ भलताच लांब गेला. मी टाळ्या पिटल्या. साहेब मात्र सारखे घराकडं मान वळवून मोठमोठ्यानं खाकरत होते. वाऱ्यापुढं त्यांच्या खाकरण्याचं काय चालणार? अर्धा तास झाला नसेल, तोच शेजारीण काठावर धावत आली. "साहेब, चला लवकर, बीबी पडल्या!"

बीबी बाजेवरून उतरून, हातांवर फरफटत उंबऱ्यापर्यंत आली होती आणि पायरीवरून कोसळली होती. कपाळ फुटलेलं. साहेबांचा हात धरून पुन्हापुन्हा विचारत होती, "हैं ना तुम? हैं ना?"

पट्टी बांधून झाल्यावर शेजारणीनं मला सगळं सांगितलं. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत साहेब पाणी आणायला म्हणून बाहेर पडले, ते धरपकडीत सापडून चार महिन्यांनी परतले. तोवर बीबीला ते जिवंत आहेत की नाहीत, हेही कळलं नव्हतं. तेव्हापासून ते बाहेर गेले, की चरखीचा आवाज ऐकत ती पडून राहायची. आवाज आला म्हणजे माणूस आहे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, मला सांगायचं होतंत की!" मी ओरडलोच साहेबांवर.

"तुम्ही इतक्या मायेनं आणली," ते म्हणाले, "न्हाय कसं म्हणू?"

ती चरखी मी परत पाठवली आणि आवाजाची मागवली. ती दोन वर्षं वाजली. माझी बदली काही होत नव्हती. मग एका हिवाळ्यात बीबी गेली.

चाळिसावा झाल्यावर मीच म्हटलं, "साहेब, आता लांबच्या डोहावर जाऊ." "चला की," म्हणाले. डोह छान होता, काठावर सावली होती. साहेबांनी गळ टाकला, पण लक्ष नव्हतं. थोड्याच वेळात उठले. "लई उशीर झाला, मास्तर." ऊन अजून डोक्यावर होतं. परतताना ते इतके झपाझप चालले, की मला धाप लागली. घराशी आले, कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यातूनच मोठ्यानं म्हणाले, "आ गया मैं, बीबी!"

मग कडी हातात धरून ते तसेच उभे राहिले. मी मागं अंगणात होतो. त्यांना हाक मारायचाही धीर मला झाला नाही.