यात्रेचं नाटक आणि मी खोडलेल्या ओळी

परवा व्हिडिओ कॉलवर तू मला विचारलंस, "आजी, तुला हल्लीचं काहीच कसं आवडत नाही?" तुझा भाऊ मागे बसून हसत होता. मी तेव्हा तुमच्याकडच्या थंडीची चौकशी करून विषय बदलला. असल्या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर देता येत नाही. मध्येच तुमचं चित्र अडकतं आणि मी एकटीच बोलत राहते. म्हणून लिहून पाठवते आहे. दोघांनी वाचा, अडेल तिथे बाबांना विचारा.

आवडत नाही, हे खरं आहे. मालिकेत एक बाई दुसरीच्या दुधात काहीतरी कालवते आणि ते दूध ओठांपर्यंत पोचायला तीन आठवडे लागतात. बातम्यांत सहा चौकटींतून सहा माणसं एकदम ओरडतात, त्याला चर्चा म्हणतात. गाण्याच्या स्पर्धेत आठ वर्षांच्या मुलीला विरहाचं गाणं देतात आणि परीक्षक डोळे टिपतात. मला एका बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत संपणारी गोष्ट लागते, आणि ती घरातल्या सगळ्यांना शेजारी शेजारी बसून बघता आली पाहिजे. या बाबतीत मी जुनाट आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण याच आवडीपायी गेल्या चैत्रात मी एक नाटक जवळजवळ बुडवलं होतं. ते मी तुम्हाला अजून सांगितलेलं नाही.

आपलं गाव साताऱ्याकडच्या औंधच्या अलीकडे. तिथे चैत्रातल्या यात्रेत गावकरी नाटक करतात. पुरुषांची कामं गावातलेच लोक करतात: शेतकरी, एसटीचा कंडक्टर, सुट्टीवर आलेले जवान. बायकांच्या कामांसाठी सांगली-मिरजेकडून कलाकार बाया ठरवतात. त्या नाटकाच्या दिवशीच येतात. तालीम नसते. वीस-पंचवीस नाटकं त्यांना तोंडपाठ असतात. आज हे गाव, उद्या दुसरं. तोंडाला रंग लावायचा, साडी बदलायची आणि कधी न भेटलेल्या नवऱ्यापुढे संसार मांडायचा. बाहेरच्याला हे खरं वाटत नाही, पण वर्षानुवर्षं तसंच चाललं आहे.

मी सांगते आहे त्या चैत्राच्या आदल्या वर्षी यात कधी नव्हे तो खंड पडला. तरुण मंडळानं नाटकाऐवजी नाचाची पार्टी आणली. मी सांगलीत होते. घरच्या ग्रुपवर मला व्हिडिओ आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर माणसं, शाळेच्या पत्र्यावर माणसं. स्टेजवर एक मुलगी नाचत होती आणि तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. जो तो हात उंच करून आपल्या मोबाइलमध्ये बघत होता. मग कुठून तरी पाण्याची बाटली आली आणि तिच्या खांद्यावर बसली. ती नाचत राहिली. मला लावणीचं वावडं नाही. तुमच्या आजोबांबरोबर पुढच्या रांगेत बसून मी लावणी ऐकली आहे. तिथे गाणारी थांबली की सगळं थिएटर थांबत असे. इथे ती मुलगी थांबली काय, पडली काय, कुणाला फरक पडणार नव्हता.

मी यात्रा कमिटीला दोन पानी पत्र लिहिलं. कमिटीचा अध्यक्ष माझा पुतण्या, तुमच्या बाबांचा चुलतभाऊ. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, मिशाळ, दरवर्षी नाटकात पाटील होणारा. त्यानं पत्र बैठकीत वाचलं आणि मला फोन केला.

"काकी, पत्र लय झ्याक. पोरांनी गुमान ऐकलं. पर अट घातलीया."

"कसली?"

"यंदा नाटक. शेवटापतूर चाललं तर फुडं बी नाटकच. पब्लिक उठलं न्हाईतर बंद पडलं, तर फुडच्या सालापास्नं पार्टी. कायमची. पडदे-बिडदे समदं इकून टाकायचं. मी शबुद दिलाय."

"मला विचारायचं तरी."

"आवं, पत्र तुमचंच हाय न्हवं?"

नाटक मी निवडलं. खेड्यातलंच जुनं तीन अंकी: गावचा पाटील एका विधवेचं रान बळकावायला बघतो आणि ती भर चावडीत त्याला गप्प करते. पण मूळ नाटक साडेतीन तासांचं, आणि पोलिसांच्या नियमानं दहाला स्पीकर बंद. अर्धा तास कापणं भागच होतं. मी सांगलीत आठ दिवस लाल पेन घेऊन बसले आणि सगळा चावटपणा काढून टाकला. समोर गावच्या लेकी-सुना बसणार होत्या. काही ओळी मला मोठ्यानं वाचवेनात. उरलेलं टाइप करून, पानांना आकडे घालून, प्रती गावाला पाठवल्या. दोन महिने सगळ्यांनी ते पाठ केलं. पुतण्या रोज फोनवर एक पान म्हणून दाखवायचा.

विधवेचं काम करणारी बाई दुपारी चारला यायची होती. विट्याजवळ जीप बंद पडली, आणि ती सहा वाजून गेल्यावर पोचली. पन्नाशीची, बारीक अंगाची, आवाजात धार. शाळेच्या वर्गात ती रंग लावायला बसली तेव्हा मी तिला प्रत दिली.

"यात काही वाक्यं गाळली आहेत. उरलेली तेवढी म्हणायची."

तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "व्हय बाई." प्रतीची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"एकदा वाचून घ्या."

"बघते की."

मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. कागद हातात दिला की तो वाचला जातो, ही माझी जन्माची समजूत. मी निघून आले.

सातला पडदा उघडला. मी डाव्या विंगेत खुर्ची टाकून, मांडीवर माझी स्वच्छ प्रत घेऊन प्रॉम्प्टिंगला बसले. मूळ पुस्तक पिशवीत होतं. पुढे बायका आणि म्हातारी माणसं सतरंज्यांवर. मागे ट्रॉल्यांवर तरुण मंडळ. पहिला अंक कसाबसा पार पडला. बाईनं दोन-तीनदा गाळलेलं वाक्य म्हटलं, समोरच्या नटांनी ऐकलं न ऐकलं केलं. मागून एक आवाज आला, "ही इधवा हाय का पाटलाची आज्जी रं?" हशा झाला. बाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

दुसऱ्या अंकात चावडीचा प्रवेश. माझ्या प्रतीत पाटील दम देतो, ती रडत त्याच्या पायाशी बसते आणि पाटील म्हणतो, "ऊठ. रडून काय हुनार न्हाई." पुतण्यानं दम दिला. बाईनं कमरेवर हात ठेवले आणि ती हसली.

"पाटील, मिशीला पीळ लय दिसतोय. पर कमरेला पट्टा लागतोय न्हवं?"

सतरंज्यांवरच्या बायका सावरून बसल्या. पुतण्या तिच्याकडे बघत उभा राहिला. त्याला पाठ होतं ते एकच होतं, आणि फौजी माणूस, त्यानं ते म्हटलं. "ऊठ. रडून काय हुनार न्हाई."

"उभीच हाय की ती, पाटील," पुढून एक म्हातारी म्हणाली.

लोक हसले, पण पुतण्याला हसले. बाईनं तेच वाक्य पुन्हा टाकलं, जरा हळू, त्याला आठवायला वेळ देत. त्याला आठवणार कुठून? ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. मागे शिट्ट्या सुरू झाल्या. "पार्टी आना, पार्टी." ट्रॉलीच्या पत्र्यावर हात बडवायला लागले. एक प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावरून पुढे आली, मग दुसरी. पुढच्या दोन-तीन बायका पोरांचे हात धरून उठल्या. पब्लिक उठलं तर कायमची पार्टी. पुतण्यानं विंगेकडे मान वळवली. सतरा वर्षं सरहद्दीवर काढलेला तो माणूस माझ्याकडे असा बघत होता, की मी नजर खाली घातली.

पिशवीतून मूळ पुस्तक काढलं, पान सापडलं. ओळीवर लाल रेघ, आणि समासात माझ्याच अक्षरात: "अश्लील. काढणे."

मी कुजबुजून वाचलं. शिट्ट्यांत त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं मान हलवली. मग मी उभी राहिले आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचे त्या आवाजात वाचलं. विंगेच्या तोंडाशी एक माइक टांगलेला होता, हे माझ्या लक्षात नव्हतं.

"पट्ट्यावरच समदी पाटीलकी टांगलीया बाई. त्यो सुटला तर गावाला काय काय बघावं लागंल."

सगळ्या माळावर माझा आवाज गेला. पत्रा बडवणं थांबलं. मग हसणं सुरू झालं ते सतरंज्यांवरून, बायकांकडून, आणि मागे पोचलं. पुतण्यानं मिशीला हात लावून तेच वाक्य पाटलाच्या ऐटीत म्हटलं आणि पुन्हा हसणं उठलं. उठलेल्या बायका खाली बसल्या.

तिथून पुढे पाटलाच्या वाट्याची चौदा वाक्यं मी खोडलेली होती. चौदाही मी वाचली, त्यानं म्हटली. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं: एकदा इंग्रजीच्या बाईंच्या स्वच्छ उच्चारात, एकदा पाटलाच्या तोंडून. "काकी, जरा जोरात," ट्रॉलीवरून कुणीतरी म्हणालं. बाईच्या ते लगेच ध्यानात आलं. आपलं वाक्य टाकून ती विंगेकडे वळून थांबायची आणि म्हणायची, "काय म्हनाला पाटील?" नाटकातल्या त्या बाईनं पाटलाला पार खाली बसवलं.

दुसरा अंक संपला तेव्हा नऊ पस्तीस झाले होते. तिसरा अंक चाळीस मिनिटांचा. जनरेटरपाशी उभा असलेला पोलीस घड्याळ बघत होता. दहाला तो स्पीकर बंद करणार, मग नाटक तिथेच मोडणार आणि दिलेला शब्दही. काहीतरी काढायलाच हवं होतं. तिसऱ्या अंकात गावातला वडीलधारा माणूस नीतीवर लांबलचक भाषण करतो. सगळ्या नाटकात माझं सगळ्यात आवडतं तेच. मी त्यातला शब्दही कापला नव्हता. ते काम कंडक्टरकडे होतं. दोन महिने तो ते गाडीत पुटपुटत असे.

"भाषण गाळायचं," मी त्याला म्हणाले.

"समदं?"

"सगळं. फक्त हात जोडून निघून जा."

त्यानं पडद्याच्या फटीतून सतरंज्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "घरची मंडळी फुडं बसल्यात काकी. भाषण ऐकायलाच आल्यात."

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. तो स्टेजवर गेला, हात जोडले आणि निघून आला. दहाला दोन मिनिटं कमी असताना पडदा पडला. ट्रॉल्यांवरची माणसं शेवटपर्यंत होती.

वर्गात बाई खोबरेल तेलानं रंग पुसत होती. मी म्हणाले, "मी प्रत दिली होती तुम्हाला."

"मला वाचाया जमत न्हाई बाई. लहानपणी आईसंगं विंगेत बसून ऐकल्यात समदी नाटकं. मधलं एक काढलं की फुडचं सापडत न्हाई."

"तेव्हाच सांगायचं."

"तुमी इचारलं न्हाईसा. वाचा म्हनलासा." तिनं कापूस टाकला. "आन एक सांगू? तुमी काढलं ते बरंचसं माझंच होतं. मला रडायचं तेवढं ठेवलंत."

सांगलीला परत आल्यावर मी पुस्तक उघडून लाल रेघा मोजल्या. तिचं म्हणणं खरं होतं. जिथे जिथे ती बाई हसते, टोमणा मारते, पाटलाला उलट जबाब देते, तिथे तिथे माझी रेघ होती. पाटलाच्या धमक्या मी एकूणएक ठेवल्या होत्या.

कमिटीनं यंदाही नाटक ठरवलं आहे, तेच, लोकांनी मागितलं म्हणून. मला कुणी कापायला सांगितलेलं नाही. पण दहाचा नियम आहे तोच आहे, आणि दोन ओळी मला आजही नकोत. त्या फक्त घाणेरड्या आहेत, त्यांनी कुठला पाटील खाली बसत नाही. या वेळी मी कागद पाठवला नाही. त्या कलाकार बाईला फोन केला आणि सगळं नाटक वाचून दाखवलं, तीन दिवस, रोज एक अंक. नीतीचं भाषण कापून चार मिनिटांवर आणलं आहे. ते कंडक्टरला आधीच कळवलं आहे. दोन ओळींपैकी एक काढायला ती लगेच तयार झाली. दुसरीवर ती म्हणते, तिथं बायका हसतात, तुमी बघितलं न्हाई का. मी म्हणते, बघितलं, तरी नको. आमचं अजून चाललं आहे.