मामेसासरे आणि कारवीचा कूड

माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकाही भिंतीवर डोळे झाकून विश्वास ठेवलेला नाही. माणसांवर ते चटकन ठेवतात. मंचरच्या बाजारात त्यांना कुणीही कसलंही बियाणं आणि कसलंही मलम विकू शकतो. पण भिंत समोर आली की त्यांचे डोळे बारीक होतात, मान तिरकी होते आणि उजव्या हाताचं मधलं बोट आपोआप वाकतं. मग टक्, टक्, टक्. त्यानंतर कान भिंतीला. हे ते कुठंही करतात. आमच्या नव्या घराची वास्तुशांत चालू होती, गुरुजी संकल्प सांगत होते, माझे वडील सोवळं नेसून पाटावर बसले होते आणि मागून मामेसासऱ्यांचा गंभीर आवाज आला, "ही पोकळ हाय." गुरुजी थांबले. वडिलांनी वळून पाहिलं. पुढं सहा महिने ते मामेसासऱ्यांशी बोलले नाहीत, आणि सातव्या महिन्यात त्या भिंतीचा गिलावा ताटाएवढा निखळून पडला तेव्हा तर त्यांनी उरलीसुरली ओळखही सोडली. खरं बोलणारा माणूस परवडतो, पण खरा ठरणारा माणूस घरात परवडत नाही, असं वडिलांचं मत होतं.

ते मूळचे पिंपळवंडीचे, धंद्यानं गवंडी. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत त्यांनी तीस-पस्तीस वर्षं बांधकामं केली. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पाकीट नसेल, चष्मा नसेल, पण ओळंबा असायचाच. नारायणगावला एका दवाखान्यात आजारी नातलगाला भेटायला गेले, तर खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी खिशातून ओळंबा काढला आणि रोग्याच्या उशाशी भिंतीलगत सोडला. पितळी लंबक दोरीला हलत राहिला. रोग्याच्या आईला वाटलं, हा काहीतरी उतारा आहे. तिनं हात जोडले. मामेसासऱ्यांनी लंबक स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, दोरी गुंडाळली आणि सांगितलं की काळजी करू नका, अर्धा इंच बाहेर हाय फक्त. त्या माउलीला एवढा धीर कुठल्या डॉक्टरनं दिला नव्हता.

सिमेंटवर त्यांची भक्ती होती. मातीच्या घरांची ते यथेच्छ टिंगल करायचे. डोंगरातल्या वाड्यांवर कारवीच्या काठ्या विणून त्यावर शेणमाती लिंपतात, त्या कुडाच्या भिंतींना ते 'टोपली' म्हणायचे. माझं लग्न झालं तेव्हा, म्हणजे मी पेठच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो तेव्हा, पहिल्याच भेटीत त्यांनी मला स्लॅबचं महत्त्व दीड तास सांगितलं होतं. मी दहाव्या मिनिटाला पटलं म्हणालो, तरी उपयोग झाला नाही.

मग एका वर्षी पावसाळा सरता सरता धरणी हलली. पिंपळवंडीत नुसती भांडी वाजली. मामेसासरे तेव्हा न्हाव्याच्या दुकानात अर्ध्या गालाला साबण लावून बसले होते. सगळे बाहेर पळाले. हे आत राहिले, दुकानाच्या भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून. लोकांना वाटलं घाबरून चिकटले. ते नंतर म्हणाले की भिंत काय म्हणती ते बघत होतो. दोन दिवसांनी कळलं की तळेघरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर बरीच पडझड झाली आहे. जीव वाचले होते, कारण माणसं खाचरात भात कापत होती. ही बातमी ऐकल्यावर मामेसासरे जेवता जेवता थांबले. त्या वाडीवर त्यांनी ऐन उमेदीत समाजमंदिराची खोली बांधली होती. सिमेंट आणि वाळू डोक्यावरून वर नेऊन.

"जावयबापू, गाडी काढा," ते म्हणाले. "माझी खोली बघून येऊ."

रविवार होता. तळेघरच्या पुढं रस्ता संपतो तिथं मी गाडी लावली आणि तासभर चढून आम्ही वाडीत पोचलो. चौदा घरांची वाडी. दगडमातीच्या भिंतींना पोटं सुटली होती, कोपरे उकलले होते, दगड अंगणात उतरले होते. ताडपत्र्यांखाली संसार मांडलेले. मामेसासरे सरळ आपल्या खोलीपाशी गेले. खोली उभी होती, पण वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत हात जाईल एवढी भेग पडली होती आणि स्लॅब एका अंगाला कलला होता. त्यांनी बोट वाकवलं नाही, कान लावला नाही. नुसते उभे राहिले. 

खोलीच्या शेजारी एक कुडाचं घर होतं. त्याचा थोडा लेप निखळला होता, आतली कारवी दिसत होती, बाकी घर जसंच्या तसं. दारात पन्नाशीची एक बाई नाचणी पाखडत बसली होती. हौसाबाई तिचं नाव. तिनं सूप खाली ठेवलं आणि मामेसासऱ्यांकडं निरखून पाहिलं.

"तुमीच ना ते गवंडी? माझ्या मालकाला म्हणला व्हता, ह्या टोपल्यात किती दिस ऱ्हानार?"

माझी खात्री होती की मामेसासरे आता वाद घालतील. त्यांनी टोपी काढली, तिच्या जोत्यावर बसले आणि म्हणाले, "व्हय. मीच त्यो."

मग पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर विचारलं की घर हललं तेव्हा तुम्ही आत होता काय. तिनं सांगितलं, होते. घर झाडागत डोललं आणि थांबलं. ते घर तिच्या नवऱ्यानं बांधलं होतं, आता तो नव्हता, पण तिनं त्याच्या हाताखाली प्रत्येक काठी बांधली होती. मामेसासऱ्यांनी मला गाडी घेऊन परत जायला सांगितलं. ते राहणार होते. किती दिवस, असं मी विचारलं, तर म्हणाले, शिकंस्तवर.

पासष्टीच्या त्या गृहस्थानं पुढचे चार महिने हौसाबाईची उमेदवारी केली. मी दर रविवारी त्यांना बघायला जायचो आणि दर रविवारी ते गुडघ्यापर्यंत चिखलात असायचे. मातीत भाताचा पेंढा बारीक तोडून घालायचा, पाणी सोडायचं, आठ दिवस कुजवायचं आणि मग पायांनी तुडवायचं. हौसाबाई कडेला उभी राहून देखरेख करायची. आयुष्यभर ज्यांनी मजुरांवर आवाज चढवला, त्यांना ती शांतपणे सांगायची, "भाऊ, पाय उचला. नाचताय का तुडवताय?" आणि ते पाय उचलायचे. एखाद्या रविवारी माझ्याबरोबर घरी आले तर माझ्या गाडीला त्या कुजक्या मातीचा वास पुढचा रविवार येईपर्यंत टिकायचा.

नव्या भक्तीत ते जुन्या भक्तीइतकेच कडवे निघाले. माती चिकट आहे की नाही हे जिभेवर ठेवून पाहायला लागले. कुठंही. एकदा पेठच्या बसस्टँडवर त्यांनी खड्ड्यातली माती चाखली, तेव्हा माझे दोन विद्यार्थी मागं उभे होते. मग ते निरनिराळ्या टेकड्यांचे नमुने आमच्या घरी आणून ठेवू लागले. त्यातला एक, लालसर आणि मैद्यासारखा मऊ, त्यांनी नाचणीसत्त्वाच्या रिकाम्या डब्यात भरला होता. माझ्या आईनं त्यातले दोन चमचे दुधात गूळ घालून शिजवले आणि प्यायली. म्हणाली, यंदाची नाचणी जरा कचकचते. खरा प्रकार उघडकीला आला तेव्हा माझी बायको रडकुंडीला आली होती. मामेसासऱ्यांनी मात्र आईला अत्यंत आस्थेनं एकच प्रश्न विचारला: चमच्याला चिकटत होती का?

शिकणं झालं, पण वाडी तयार होईना. तालुक्याच्या सरकारी कार्यालयातून निरोप होता की सगळ्यांनी खाली रस्त्याकडेला यावं, पत्र्याच्या खोल्या मिळतील. खाली आलं तर वरची खाचरं आणि हिरड्याची झाडं कोण बघणार, म्हणून म्हातारे अडून बसले होते. तरुणांना वर राहायचं असेल तर स्लॅब हवा होता. त्यांचा पुढारी किसन. तो चाकणला कंपनीत होता आणि त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलीच्या बापानं एकच अट घातली होती: घर पक्कं पाहिजे. किसननं बैठकीत सरळ विचारलं की मातीच्या घरात पोरगी देणार कोण, आणि ज्यांची स्लॅबची खोली फाटली त्यांनी आम्हाला घर शिकवावं का.

मामेसासरे उठले. सगळे त्यांच्या भाषणाला तयार झाले, मी तर दीड तासाच्या हिशेबानं मांडी घातली. ते एवढंच बोलले की पोरगं खरं बोलतंय, माझं चुकलं. दगड कमरेपर्यंतच ठेवू, मधे मधे भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालू, चारी कोपरे लाकडानं जखडू आणि वर हलका कूड उभा करू. एक घर बांधतो. पडलं तर मी जातो.

ते घर बांधायचं ठरलं किसनच्याच जागेवर. त्याच्या पडलेल्या घराचेच दगड, वरच्या जंगलाकडची कारवी, ऐनाच्या लाकडाचे जुने खांब, म्हणजे मेढी. कार्यालयानं नकाशा मागितला आणि मामेसासऱ्यांना नकाशा काढता येत नसल्यामुळं ते काम माझ्याकडं आलं. मी चित्रकलेचा मास्तर. मी घर काढलं, मागं डोंगर काढला, अंगणात दोन कोंबड्या आणि कौलांवर भोपळ्याचा वेल काढला. कार्यालयातल्या इंजिनिअर मॅडम, तिशीच्या आतल्या आणि फार गंभीर, त्यांनी बराच वेळ कागद पाहून विचारलं की या भोपळ्याचं प्रयोजन काय. मामेसासरे म्हणाले, गारवा.

घर उभं राहिल्यावर मॅडम चढून वर आल्या. त्याच दिवशी किसनचे होणारे सासरे, जुन्नरकडचे एक जाडजूड बागायतदार, घर पाहायला म्हणून आले होते. मॅडमनी सगळं मापलं आणि मग म्हणाल्या की वहीत लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही, हे हललं तर टिकेल हे मी कशावरून मानू? मामेसासऱ्यांनी हौसाबाईकडं पाहिलं. हौसाबाई आपल्या घरात गेली आणि बैल बांधायचा जाड दोर घेऊन आली.

दोर कोपऱ्यातल्या मेढीला बांधला. वाडीतले सगळे पुरुष एका बाजूला. मी ओढायला लागलो. पाहुण्यांना बसा म्हणायचं राहून गेलं, म्हणून तेही टोपी घट्ट करून ओढायला लागले. सगळे ओढत असताना मामेसासरे एकटे घरात जाऊन मधोमध मांडी घालून बसले. मॅडम त्यांना बाहेर या म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या; ते आतून म्हणाले की मी बांधलंय, मीच बसतो. ते आत बसणार हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला एकदम हातातला दोर सोडावासा वाटला. पण हौसाबाई म्हणाली, "वढा."

घर करकरलं, आमच्याकडं झुकलं, सोडलं की परत गेलं. पुन्हा झुकलं, पुन्हा गेलं. कौलं खुळखुळली, एकही पडलं नाही. तिसऱ्यांदा आम्ही जीव खाऊन ओढलं आणि दोर तुटला. सगळा पुरुषवर्ग मागच्या मागं चिखलाच्या खड्ड्यात गेला, त्या आठ दिवस कुजवलेल्या मातीत, आणि सगळ्यांच्या खाली किसनचे सासरे. त्यांना चौघांनी वर काढलं. त्यांनी डोळ्यांवरचा चिखल पुसला, सरळ उभ्या असलेल्या घराकडं पाहिलं आणि आतून टोपी झटकत बाहेर येणाऱ्या मामेसासऱ्यांकडं पाहिलं.

"घर पाहिलं," ते म्हणाले. "पोरगी दिली."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि जाताना माझा भोपळ्याचा नकाशा स्वतःसाठी मागून नेला.

दोन वर्षांत हौसाबाईचं सोडून बाकीची तेराही घरं झाली. प्रत्येक घराला मामेसासऱ्यांचा आणि हौसाबाईचा वाद लागला आणि प्रत्येक वाद ती जिंकली. सगळ्यात शेवटी मामेसासऱ्यांनी आपली फाटलेली खोली पाडली. कुणाला हात लावू दिला नाही. घण घेऊन पाच दिवस एकटे पाडत होते. दुपारी हौसाबाई भाकरी ठेवून जायची.

आता त्यांचे गुडघे गेले आहेत. यंदा दिवाळीनंतर वाडीला जायचा हट्ट धरला म्हणून मी घेऊन गेलो, तर अर्ध्या चढावर एका खडकावर बसले ते उठेनात. मी फोन केला, तर वरून हौसाबाईच खाली उतरून आली. तिचेही केस पांढरे झाले होते. दोघं खडकावर बसली. वाडीची खबरबात झाली, कुणाची म्हैस व्याली, कुणाला पोरगं झालं. किसनची बायको यंदा भिंती लिंपायला पहिली उतरली, असं हौसाबाईनं सांगितलं. दरसाल लिंपावं लागतं ना, असं मामेसासऱ्यांनी उगाच विचारलं. त्यांना ते ठाऊकच होतं.

"लागतं की," ती म्हणाली. "मातीचं घर हाय. वरसातून एकदा समद्यांनी मिळून हात फिरवावा लागतो. त्याबिगर ऱ्हात न्हाई."

उतरायला आम्हाला वेळ लागला.  गाडीतून डिंभे धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा ते बोलले.

"जावयबापू, तीस वरसं मी लोकांला सांगत आलो, एकदा बांधा आन् इसरून जावा." त्यांनी काच खाली केली. "लई चुकीचं सांगितलं."

मग ते डोंगराकडं तोंड करून बसले. घोडेगाव येईपर्यंत मी गाडी सावकाश चालवली.