जुन्या खाचांचा हब

सगळे त्यांना फुलीकाका म्हणायचे. खरं नाव काय ते सुनेलाही दवाखान्यात विचारलं तेव्हा आठवून सांगावं लागलं.

चाक बांधणं हा त्यांचा धंदा. पंक्चर काढणारे पैशाला पासरी. पण चाकाच्या मध्यावरचा सुटा हब, सुटी रिम आणि तारांची जुडी घेऊन त्यातून नीट गोल फिरणारं चाक उभं करणारा हा एकच. त्यांच्या चाकातली प्रत्येक तार हबमधून निघाली की रिमला पोचेपर्यंत तीन तारांना ओलांडणार. तीन फुल्या. दोन नाही, चार नाही. कुणी शर्यतवाला म्हणाला, "काका, पुढच्या चाकाच्या तारा सरळ लावा ना, छत्रीच्या काड्यांसारख्या, हलकं होतं," की काका त्याला रिमसकट दाराबाहेर काढायचे.

"छत्रीच लाव मग पुढं. पावसातही कामाला येईल."

दुकान म्हणजे बोळकांडं. छताला रिमा टांगलेल्या, उंच गिऱ्हाईक आलं की पहिला मान डोक्याला. बसायला जुन्या ट्यूबांचा गठ्ठा. काका स्टुलावर, समोर चाक अडकवायचा लोखंडी घोडा. चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, काढून झाला की नखानं एकेक तार छेडायचे. एखादी भसाडी बोलली की पुन्हा चावी.

त्यांचा एकुलता एक मुलगा शर्यती मारायचा. पायात जोर होता, तोंडात त्याहून जास्त, आणि नंबर मात्र कायम दुसरा नाहीतर तिसरा. मोठ्या रस्त्यावर काचेचं सायकलचं दुकान निघालं, त्यात सरळ तारांची चाकं दिव्याखाली मांडली, आणि मुलाला आपल्या पराभवाचं कारण सापडलं.

"बाबा, माझं चाक बघून लोक विचारतात, दूध घालायला निघालास का?"

"वारा चाक बघत नाही. मांड्या बघतो."

सून भांडी घासत होती. ती म्हणाली, "दोघांनी एकदा काय ते उरकून टाका. रोज ताटात चाक वाढून घ्यायचा वीट आलाय मला."

उरकलं नाही, उलट चिघळलं. मुलगा किरकोळ दुरुस्तीलासुद्धा काचेच्या दुकानात जाऊ लागला, तेही बापाच्या दारावरून, मान सरळ ठेवून. शेजारचे लोहार, शिंपी काकांना काही बोलत नव्हते, नुसते खाकरायचे. ते खाकरणं काकांना जेवताना आठवायचं. पोराचं तोंड फिरलं ते फिरलंच, आता ते कसं वळवायचं, एवढाच घोर जिवाला लागला.

मग एक दिवस मुलगाच पुढचं चाक खांद्याला अडकवून दुकानात आला. त्यातला हब काकांनीच त्याला लग्नात दिलेला, चांगला, झिजवून न झिजणारा. दर वेळी काकांनीच तो तीन फुल्यांत बांधला होता.

"हाच हब. सरळ बांधून द्या. मोठी शर्यत आहे."

काकांनी तारा सोडवल्या, हब फडक्यानं पुसून दारातल्या उजेडात धरला. हबच्या चकतीवर, प्रत्येक भोकाच्या कडेला, तिरकी खाच पडलेली. वर्षानुवर्षं तार जिकडे ओढत होती तिकडे धातू दबला होता. अशा हबला जन्मभर त्याच वळणानं बांधायचं असतं. ओढ बदलली की खाचेपासून चीर जाते. हे चाक बांधणाऱ्याच्या हाताला कळतं, बाकीच्यांना हब तो हब.

"हा फुलीचा होऊन बसलाय. सरळ ओढलं तर चकती फाटेल. दुसरा हब आण, बांधतो."

"झाली सबब सुरू." मुलगा हसला. "येत नाही म्हणून सांगा ना, बाबा. लाज कसली त्यात? तिकडे तयार चाक मिळतं."

'येत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पोरगं रागानं गेलं असतं, धड तरी गेलं असतं. काकांच्या जिभेवर ते आलं नाही. त्यांनी घोडा पुढं ओढला.

आणि बांधलं असं की चाक फिरतंय का थांबलंय कळू नये. सगळ्या तारा एका सुरात. मुलानं चाक बोटावर तोललं, बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "असं चाक त्या काचेतसुद्धा नाही, बाबा."

त्या वाक्यापुढं खाचांचं पुन्हा सांगणं राहिलं. उतारावर जपून जा, हेही राहिलं.

उताराच्या वळणावर चकतीचा तुकडा उडाला. त्या बाजूच्या तारा सुटल्या, रिम वाकडी होऊन ब्रेकात अडकली, आणि मुलगा हँडलवरून थेट दगडी कठड्यावर. गुडघ्याचा चुरा झाला.

काका दवाखान्यात पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. काका पलंगाशी उभे राहिले आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं:

"सांगितलं होतं मी."

मुलानं तोंड भिंतीकडे केलं.

सून म्हणाली, "मामंजी, तुम्ही बाहेर बसा."

पाय पुन्हा वाकला नाही. आता मुलगा दुकानातच बसतो, ट्यूबांच्या गठ्ठ्यावर, पाय पुढं पसरून. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यावरून ओलांडून जावं लागतं. बापलेकांत बोलणं वायसर नि व्हॉल्वपुरतं. गिऱ्हाईक असलं की मात्र मुलाला कंठ फुटतो.

"आमचे बाबा चुकत नाहीत हो. मी पाय देऊन खात्री करून घेतलीय."

बायकोला तो एकदा म्हणाला, "त्यांना खरं ठरायचं होतं." काकांनी भिंतीआडून ऐकलं. साफ खोटं आहे, असं ओरडायला उठले, आणि बसले. दवाखान्याच्या त्या पलंगाशी, सगळ्या भीतीच्या तळाशी, वाटाण्याएवढं बरं वाटलं होतं. ते त्यांचं त्यांना माहीत.

परवा एक जण जुनं चाक घेऊन आला. पुढचंच. "तारा सरळ बांधून पाहिजेत."

काकांनी हब उजेडात धरला. तिरक्या खाचा. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं.

"बांधा की," मुलगा म्हणाला. "आधी कशाला सांगताय? मागून सांगता येतं."

काकांनी चाक गिऱ्हाईकाच्या हातात परत दिलं.

"का? येत नाही का?"

"नाही येत."

गिऱ्हाईक पसरलेल्या पायावरून ओलांडून गेलं. मुलानं बापाकडे पाहिलं.

"'येत नाही' म्हणता आलं की," तो म्हणाला, आणि व्हॉल्वची पिशवी मांडीवर ओढून घेतली.