जोनच्या बादलीतली चकती

नऊ वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे मँचेस्टरमधल्या आमच्या मंडळात कुणालाही विचारा. हे मात्र राहिलं.

रिटायर झाल्यावर दर उन्हाळ्यात पंधरा दिवस मी उत्तरेला जायची. रोमन सैन्याने बांधलेल्या जुन्या भिंतीजवळच्या एका किल्ल्यात उत्खनन चालायचं, तिथे व्हॉलंटिअर म्हणून. जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नमुन्यांना लेबलं लावली. वाटलं, माती खरवडणं त्याहून काय अवघड? माझ्या जोडीला जोन होती — तिथल्याच गावातली निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेली. शेजारी शेजारी बसून खरवडायचो, माती आपापल्या बादलीत टाकायचो. तिचं एकच पालुपद. रोमन शिपाई आणि इथल्या टोळ्या नुसते लढत नव्हते. टोळ्यांतल्या बायका त्या बराकींमध्ये संसार करत होत्या. सुपरव्हायझर हसून म्हणायचा, पुरावा दाखव. बराकीच्या फरशीत अडकलेली एक तरी वस्तू.

ती मला मिळाली. जोन गाडीतून चहाचा फ्लास्क आणायला गेली होती, आणि दोन फरशांच्या फटीत — बायकांच्या लोकर कातायच्या चातीची दगडी चकती. मधोमध भोक, कडेला हाताने कोरलेल्या वाकड्यातिकड्या रेघा. नियम काय? हात लावायचा नाही. आधी फोटो, मग मोजमाप, मगच उचलायचं. आणि मी काय केलं? उपटली. हावरटासारखी! अंगठ्याने पुसलीसुद्धा. फट ढासळून बुजली.

तेवढ्यात सुपरव्हायझर आला. कुठे मिळाली, म्हणाला.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते, एवढंच ना? पण तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी — मी ऐकून घेणार?

“बादलीत होती,” मी म्हणाले.

बादली जोनची होती.

म्हणजे त्याच्या लेखी जोनने ती खरवडून, न बघता, मातीबरोबर टाकली. आता ती कुठली, कशातली, कोण सांगणार? पुरावा म्हणून शून्य. सुपरव्हायझर जोनशी फार गोड बोलला. दुसऱ्या दिवसापासून ती खोदकामाच्या ट्रेंचमध्ये नव्हती. टेबलापाशी बसून टूथब्रशने खापऱ्या धूत होती. आता दिसत नाही गं मला नीट, म्हणाली. आणि मी — मी तिला चहा ओतून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात ती आलीच नाही. मी जात राहिले. ख्रिसमसला कार्डंही पाठवत राहिले, निर्लज्जासारखी.

गेल्या आठवड्यात सुपरव्हायझरला सगळं लिहून कळवलं. रविवारी जोनला फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं. तिने विचारलं, फटीत किती खाली होती? बोटभर, मी म्हणाले. घट्ट बसली होती.

“म्हणजे माझे डोळे ठीक होते,” ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. लाज वाटावी इतकं हलकं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या त्या दिवशी.

जोन आता ऐंशीच्या पुढे आहे. गुडघ्यांवर बसून माती खरवडायचे तिचे उन्हाळे संपले. ते मी घेतले.