चपला काढून खेळायचा खेळ

गुलबर्ग्याला स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात ते कचेरी सुटली की थेट यायचे. पन्नाशीचा माणूस, हातात जेवणाचा डबा. मला आधी हसूच यायचं. मशीनपुढे मात्र ते देवळात गेल्यासारखे चपला काढूनच उभे राहत. पडद्यावरचा राक्षस अंगावर आला की पुटपुटत, "थांब की रे, यायलोय." हरले तरी खूश.

त्याच खेळाचा दुसरा भाग आला. मालकानं जुनं मशीन विकून नवं आणलं आणि पहिला मान त्यांना दिला. त्यांनी चपला काढल्या, खेळू लागले.

"कसा वाटायलाय, अण्णा?" मालकानं विचारलं.

"ब्येस हाय की. रंग लई हायत."

बोलता बोलता, पडद्यावरची नजर न हलवता, त्यांनी पायानंच चपला चाचपल्या आणि घातल्या. खेळ अजून चालू होता. ते जिंकत होते.