बाई की बुवा?

ज्या माणसाला मत देता येत नाही, त्याच्याकडे मतं फार असतात. आमच्या ऑफिसातल्या लंच टेबलावर आम्ही सगळे व्हिसावर आलेले. ग्रीन कार्ड कधी येणार हे वकिलालाही ठाऊक नाही, मतदान तर त्याच्याही पुढची गोष्ट. पण २००८च्या त्या हिवाळ्यात कुठल्या राज्यात कोण जिंकणार यावर आम्ही जेवढं बोललो, तेवढं खुद्द उमेदवारही बोलले नसतील. मग किस्से साचणारच. मुद्दाम कुणी साठवत नाही, डब्याच्या झाकणाला तेल धरतं तसे ते धरतात.

आता हे किस्से निघाले की सगळे पोट धरून हसतात. मी जरा कमी हसतो, कारण त्या सगळ्यांत मी आहे.

मी श्रीकांत, पुण्याचा. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी., नोकरी फोरकास्टिंगची. पुढच्या तिमाहीत कुठल्या गोळ्या किती खपतील, हे आधी सांगणं हेच माझं काम. २००४च्या निवडणुकीच्या वेळी मी आमच्या मराठी मंडळात अमेरिकन राजकारणावर भाषण दिलं होतं, आणि तेव्हापासून इथल्या, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी घरांत माझी ओळख ‘आपले विश्लेषक’ अशीच करून दिली जायची. त्या वर्षी महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात पुन्हा तसंच भाषण ठेवायचं ठरलं होतं. वक्ता कोण, हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नव्हता. मी नवीन जॅकेट घेऊन ठेवलं होतं.

आणि डिसेंबरअखेर आमच्या ऑफिसात टेस्टिंग टीममध्ये मिलिंद आला. आयत्या बिळावर नागोबा, आणि तोही नागपूरचा!

* * *

आधी भाषेचं सांगतो. एकाच पक्षातले दोघं, एक बाई आणि एक पुरुष, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी भांडत होते आणि राज्याराज्यात मतं पडत होती. ऑफिसच्या पँट्रीत त्यांची नावं घेतली की शेजारच्या टेबलावरचे गोरे कान टवकारायचे. म्हणून आमच्या मुंबईच्या प्रशांतने नावं पाडली. ती ‘बाई’ आणि तो ‘बुवा’.

पहिलं राज्य आयोवा. तिथे साधं मतदान नसतं, कॉकस असतो. मी टेबलावर सगळ्यांना समजावून सांगत होतो. लोक शाळेच्या जिममध्ये जमतात, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहतात, मग मोजणी, मग मनधरणी, मग पुन्हा मोजणी. माझी पोळी गार झाली, पण मी सोडलं नाही. शेवटी मिलिंद पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला, “म्हणजे ग्रामसभा.”

“हां! ग्रामसभा!” प्रशांत ओरडला. “मग असं सांग ना श्री, इतका वेळ काय वळसे घालत होतास?”

मी म्हणालो, आयोवात बाई. त्याची कारणं दिली. मिलिंद भाजी संपवत म्हणाला, “मले तर वाटते बुवाच येते.” कारण काहीच दिलं नाही.

बुवा आले.

* * *

नवशिक्याचं नशीब, असं म्हणून मी सोडून दिलं. पुढचं राज्य न्यू हॅम्पशायर. या वेळी मी घरी एक्सेलवर बसलो, सगळे पोल घातले, प्रत्येकाला वेगळं वजन दिलं. सगळे पोल एकमुखाने म्हणत होते बुवा. माझं मॉडेलही म्हणालं बुवा. मी टेबलावर प्रिंटआउटच ठेवला.

मिलिंदने तो अदबीने पाहिला. ग्राफच्या रंगांचं कौतुकही केलं. मग म्हणाला, “बाई येते, भाऊ.”

बाई आली! देशातले सगळे पंडित तोंडावर आपटले, पण ते टीव्हीवर होते, त्यांना दुसऱ्या दिवशी मिलिंदसमोर डबा उघडायचा नव्हता.

घरी आलो तर मेधा, माझी बायको, फोनवर मिलिंदच्या वैशालीचं अभिनंदन करत होती. जसा काही तो स्वतः निवडून आला होता. फोन ठेवून मला म्हणते, “किती शांत माणूस आहे ना तो? एक शब्द जास्त बोलत नाही.”

मी जळलो. उगाच आडवळणाने कशाला सांगू? अकरा वर्षं मी या बाईशी संसार करतोय, आणि माझ्या शांतपणाचं तिने एकदा कौतुक केलेलं मला आठवत नाही.

* * *

सुपर ट्यूजडे, म्हणजे एकाच मंगळवारी वीसेक राज्यांचं मतदान, जवळ आला होता, आणि मग तो कॉन्फरन्स कॉल झाला.

क्लायंट लाइनवर होता, आमचा मॅनेजर ग्रेग दुसऱ्या गावाहून जोडलेला होता. मीटिंग रूममध्ये आम्ही तिघं, मी, प्रशांत आणि मिलिंद. क्लायंट सॉफ्टवेअरच्या नव्या रिलीजला मान्यता द्यायच्या अगदी बेतात आला होता. तेवढ्यात प्रशांत माझ्या कानाशी कुजबुजला, “सुपर ट्यूजडेला मिसुरीत कोण रे?”

फोन म्यूटवर आहे असं मी धरून चाललो होतो. मी ठामपणे म्हणालो, “बाई! बाई!”

पलीकडून क्लायंटचा आनंदी आवाज आला, “ओके देन, बाय-बाय!” आणि लाइन कट झाली.

रिलीज पुढच्या आठवड्यावर गेलं. ग्रेगने परत आल्यावर मला बोलावून शांतपणे विचारलं की क्लायंटला असं तोडून टाकायची पुण्यात पद्धत आहे का. मी बाहेर आलो तर मिलिंद मान खाली घालून हसत होता. “भाऊ, बुवा म्हटलं असतं तर कॉल वाचला असता न.”

हेही त्यालाच सुचायचं!

* * *

सुपर ट्यूजडेला आमच्याच न्यू जर्सीत मतदान होतं, आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात मतदार एकच. सुलभाकाकू. मंडळाच्या अध्यक्ष, पंचवीस-तीस वर्षांपासून इथे राहणाऱ्या, कधीच्याच सिटिझन झालेल्या. मी मुद्दाम आदल्या रविवारी त्यांच्याकडे चहाला गेलो.

“काकू, कुणाला देणार?”

“मत गुप्त असतं रे, श्रीकांत.”

मी स्टेशनच्या पार्किंगमधले गाड्यांवरचे बुवांचे स्टिकर पाहिले होते, पत्रकं वाटणारी कॉलेजची पोरं पाहिली होती. मी जाहीर केलं, न्यू जर्सी बुवा, मिसुरी बाई. मिलिंद म्हणाला, न्यू जर्सी बाई, मिसुरी बुवा.

न्यू जर्सी बाईंनी घेतलं. पण त्याच वेळी टीव्हीवर मिसुरीसुद्धा बाईंच्या नावावर लागलं! एक तरी माझं आलं. मी टीव्ही बंद केला आणि गाढ झोपलो. सकाळी फ्रीजमधला काजूकतलीचा बॉक्स उचलून थेट ऑफिस गाठलं.

टेबलावर बॉक्स फिरवला. मिलिंदने एक उचलली, “अभिनंदन भाऊ. काय विशेष?”

“मिसुरी!” मी म्हणालो.

प्रशांतने तोंडातली काजूकतली गिळली आणि हळूच म्हणाला, “श्री, मिसुरी रात्री फिरलं. थोडक्यात, पण बुवांनी घेतलं.”

मिलिंदने दुसरी काजूकतली उचलली. त्याचा हक्कच होता. संध्याकाळी कळलं की काकूंनी मतदान करून आल्यावर त्याला फोन करून कुणाला दिलं ते सांगितलं होतं. त्याने विचारलंही नव्हतं!

* * *

त्या दिवसानंतर लोक उघडउघड त्यालाच विचारायला लागले. मंडळातल्या बायका, देशी ग्रोसरीतला मालक, इतकंच काय, ग्रेगसुद्धा. आणि हा प्रत्येकाला हसून म्हणायचा, “आधी श्रीकांतभाऊंचं काय म्हणणं आहे ते ऐकू द्या, ते सीनियर आहेत.” त्याची ही एवढी एकच गोष्ट मला आवडायची.

पण एका दुपारी माझा तोल सुटला. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, “मॉडेल नाही, डेटा नाही, कारण नाही. नुसतं बाई येते, बुवा येते! ही शुद्ध बुवाबाजी आहे!”

प्रशांतला ठसका लागला. मिलिंद मात्र पहिल्यांदाच जरा गंभीर झाला. “बुवाबाजी आमच्या घरी चालत नाही, भाऊ. आजोबांनी दीक्षा घेतली त्याच दिवशी देव्हारा काढला. तुमच्या मॉनिटरवर मात्र गणपती चिकटवलेला दिसते.”

माझा गणपती मी त्याच दुपारी ड्रॉवरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. म्हटलं, त्याचा यात काय दोष?

* * *

टेक्सासला मात्र मी त्याला जवळजवळ धरलाच.

मी म्हणालो बुवा, तो म्हणाला बाई. आता टेक्सास हे असं राज्य की तिथे दिवसा साधं मतदान आणि संध्याकाळी कॉकस, दोन्ही! मतदान बाईंनी जिंकलं. सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. पण कॉकसचा हिशोब हळूहळू आला, आणि त्यात बुवा पुढे निघाले. मी घरी येऊन अक्षरशः नाचलो. मेधाला समजावलं, उमेदवाराचे प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, कसे मोजतात, कॉकसचं महत्त्व काय, मतदान हा कसा केवळ अर्धा भाग आहे.

“नाचता येईना अंगण वाकडं,” मेधा म्हणाली.

“अगं, पण मी आत्ता नाचतोच आहे!”

आमची ईशा गृहपाठ करत बसली होती. तिने मान वर केली. “सो बाबा, यू वेअर ओन्ली हाफ राँग? वॉव, दॅट्स युअर बेस्ट वन!”

* * *

असं करत करत इंडियाना आलं. मे महिना उजाडला होता. महाराष्ट्र दिन उलटून गेला होता, पण शाळेचा हॉल दुसऱ्या शनिवारी मिळाला, म्हणून आमचा महाराष्ट्र दिन त्या शनिवारी होता. इंडियानाचं मतदान त्याआधीच्या मंगळवारी. इतकी अटीतटीची लढत, की टीव्हीवरची माणसंसुद्धा ‘काहीही होऊ शकतं’ असं म्हणून पगार घेत होती.

सुलभाकाकूंनी मला आणि मिलिंदला एकत्र फोन लावला. “हे बघा, वक्ता एकच. मला दोघेही सारखेच. इंडियाना जो बरोबर सांगेल, त्याच्या हातात माईक. दोघांचंही बरोबर आलं तर श्रीकांत, तो सीनियर आहे.”

“चालते काकू,” मिलिंद म्हणाला. मला वाटतं तो मजेत होता. मी नव्हतो. ते भाषण माझं होतं! त्या माणसाला या देशात येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, आणि तो माझ्या जॅकेटच्या दिवशी माईक हातात घेणार होता. प्रेक्षकांत मेधा बसणार होती. पहिल्या रांगेत, वैशालीच्या शेजारी. टाळ्या ती कशा वाजवेल हे मला आधीच ऐकू येत होतं.

मी ठरवलं, या वेळी गप्प बसायचं. डोकंच चालवायचं झालं तर असं चालवायचं. तो काय म्हणतो ते आधी कळू दे, मग आपणही तेच म्हणायचं. तो बरोबर आला तर मीही बरोबर, आणि मग सीनियर कोण? मी! अट काकूंनीच घातली होती.

शुक्रवारी प्रशांतने विचारलं, “श्री, इंडियाना?”

“अभ्यास चालू आहे,” मी म्हणालो.

“मिलिंद, तू?”

“पाहू न. घाई काय आहे?”

सोमवारी सकाळी पुन्हा तेच. मी डब्यात बघत होतो, तो डब्यात बघत होता. ग्रेगसुद्धा दारात येऊन डोकावून गेला. काकूंचा मेसेज आला, दोघांनीही आजच्या आज कळवा. आणि माझ्या लक्षात आलं, घाबरलाय! चार महिन्यांत पहिल्यांदा गड्याला उत्तर सुचत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी त्याला माझ्यातलं अर्धं श्रीखंड दिलं.

तरी त्याचं उत्तर मला हवंच होतं. घरी आल्याआल्या मी मेधाला म्हणालो, “वैशालीला सहज फोन कर. बोलता बोलता विचार, मिलिंद इंडियानाचं काय म्हणतोय. माझं नाव काढू नकोस.”

मेधा फोन घेऊन बेडरूममध्ये गेली. बराच वेळ आतून नुसतं ‘हो का?’, ‘अय्या!’, ‘पहिल्यापासून?’ असं ऐकू येत होतं. मग दार उघडलं. ती बाहेर आली, सोफ्यावर माझ्या शेजारी बसली आणि लग्नानंतर प्रथमच इतक्या मायेने तिने माझा हात हातात घेतला.

“त्याचं अजून काहीच ठरलेलं नाहीये.”

“का? काय झालं?”

“अरे, तो थांबलाय. तुझं काय ते कळल्याशिवाय तो त्याच्या उलट कसं सांगणार?”