दोन बल्ब, एक राखाडी कोट

गल्लीच्या तोंडाशी, तळमजल्याच्या मागच्या खोलीत रफूमावशी बसायची. कापडाला पडलेलं भोक ती सुईनं असं विणून काढायची, की कापड कधी फाटलंच नव्हतं असं वाटावं. तिचा कायदा एकच. काम झालं की कोट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, त्याला खिडकीशी उभं करायचं आणि म्हणायचं, "शोधा." माणूस कोट उलटासुलटा करायचा, बोट फिरवायचा, डोळे बारीक करायचा आणि शेवटी हात टेकायचा. मावशीचं पोट तिथं भरायचं. चाळीस वर्षांत कुणाला सापडलं नव्हतं.

ह्यात निम्मं काम सुईचं आणि निम्मं खिडकीचं. आतल्या शिवणीतून दोरा काढावा तर तो गडद निघतो, कारण आतल्या कापडानं ऊन खाल्लेलं नसतं. म्हणून मावशीकडे पत्र्याचा डबा होता, जुन्या कपड्यांतून उसवलेल्या दोऱ्यांचा. एकट्या राखाडीचेच एकोणीस प्रकार. त्यातला कुठला कुठल्या कोटाशी नांदेल, ते खिडकी सांगायची.

मग समोर पाच मजली इमारत उठली आणि खिडकीत नुसती भिंत आली.

आधी मुलगा धावला. तो एका गोदामात कामाला. निळ्या खोक्यातला स्मार्ट बल्ब घेऊन आला, स्टुलावर चढून टेबलावर टांगला आणि फोनवर काहीबाही दाबत बसला.

"आई, तुला काही करायचं नाही. दिवस चढेल-उतरेल तसा हा आपोआप बदलतो. दिवसा पांढरा, सांजेला पिवळा. डोळ्यांना आराम."

"मला आराम नको. दोरा दिसू दे."

"दिसेल गं. चांगल्या कंपनीचाय."

दुसऱ्या दिवशी जावई उपटला, नारिंगी खोकं बगलेत मारून.

"आई, तुमच्या लेकानं आणलाय तो नुसता नावाचा. हा बघा! एक कोटी साठ लाख रंग!"

"आणि पांढरा?"

"पांढरेच किती हवेत तितके."

"मला एकच हवा. बाहेर असतो तो."

जावई हसला. त्याला वाटलं, सासूबाई गंमत करतायत.

जावयाचा परत करावा तर लेकीच्या कानावर जाणार, पोराचा काढावा तर तो चार दिवस तोंड फुगवून बसणार. मावशीनं दोन्ही ठेवले. एक टेबलावर, एक भिंतीशी. दोघं आपापले फोन खिशात घालून घरी गेले, म्हणजे बल्बांच्या नाड्या त्यांच्याबरोबर गेल्या. मावशीच्या हाती राहिली भिंतीवरची दोन बटणं.

तिनं डबा उघडून सात राखाडी दोरे मांडले. निळ्या खोक्याच्या बल्बाखाली त्यातले चार जुळी भावंडं झाले. नारिंगीवाल्याखाली तेच चार शेवाळल्यासारखे हिरवट. मुलाला फोन लावला.

"अरे, ह्यातला खरा रंग कुठला?"

"दोन्ही खरे. आपल्या आवडीवर असतं ते."

"दोऱ्याचा रंग आवडीवर असतो होय?"

"आई, कामात आहे गं."

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. शेवटी तिनं टेबलावरचाच चालू ठेवला, कारण तो निदान जवळ होता.

अशात ग्रंथपाल आला. पन्नाशीचा, पडेल खांद्यांचा. त्याचं ग्रंथालय बंद पडून वर्ष झालं होतं आणि उद्या अकराला दुसरीकडे मुलाखत. राखाडी कोटाला डाव्या छातीवर कसरीनं खाल्लेलं भोक.

"होईल ना मावशी? हा एकच आहे हो."

"संध्याकाळी सातला या. आणि शोधायला चष्मा घेऊन या."

मावशी काही बावळट नव्हती. कोट घेऊन ती गल्लीत गेली, स्कुटरींच्या मधे उभी राहून खऱ्या उजेडात दोन दोरे निवडले. विणीत दोन रंग होते, एक निळसर राखाडी, एक मातकट. आत येऊन दोन्ही शेजारीशेजारी ठेवले आणि चारला सुई धरली. एक दोरा ह्याचा, एक त्याचा. वरचा अर्धा भाग असा उतरला, की कसरीलासुद्धा आपण इथं जेवलो ते आठवू नये.

पण पाच वाजले तसा बल्ब हळूहळू कलायला लागला. एकदम बदलला असता तर मावशीनं शिव्या घातल्या असत्या. हा चोरपावलानं पिवळा झाला, आणि त्याच्याबरोबर तिचे डोळेही फितूर झाले. दोन दोरे एक दिसायला लागले. सुई जो पुढ्यात आला तो उचलत गेली.

सातला ग्रंथपाल आला. त्याच बल्बाखाली चष्मा चढवून त्यानं पाच मिनिटं शोधलं.

"भोक गेलं कुठं हो?"

"कसर घेऊन गेली," मावशी म्हणाली. तिलाही बरं वाटलं.

सकाळी दहाला तो दारात पुन्हा उभा. अंगात कोट, काखेत फाईल. बोट छातीवर, नेमकं त्या जागी.

"मावशी, सापडलं."

तिनं त्याला बाहीला धरून गल्लीत ओढलं. वरचा भाग होता कुठं ते कळत नव्हतं. खाली मात्र मातकट डाग, कुणी आमटी सांडल्यासारखा.

"उसवून पुन्हा करता येईल?"

"चार तास लागतील."

"माझ्याकडे तास आहे. त्यात अर्धा रस्त्याचा."

एक स्कुटरवाला भोंगा वाजवून गेला. मावशीनं ग्रंथपालाच्या काखेतली फाईल काढली, त्याच्या डाव्या हातात दिली आणि तो हात उचलून छातीशी टेकवला.

"अशी धरा. बसलात तरी खाली ठेवू नका."

"आणि कागद मागितले तर?"

"उजव्या हातानं काढा," ती म्हणाली, "सावकाश."

तो निघाला. चाळीस वर्षांत लपवायला फाईल लागली नव्हती. कोपऱ्यावर त्याचा हात खाली आला, मग आठवून पुन्हा वर गेला.

आत फोन वाजत होता. जावई होता.

"मग आई? कुठला पास झाला? माझा का त्याचा?"

"दोन्ही झकास आहेत. त्यांच्याखाली कुणाला काही सापडत नाही."

"बघा! सांगत नव्हतो? मग रविवारी पुढच्या खोलीला पण एक आणतो."

मावशीनं कोटातून गळालेलं एक मातकट सूत टेबलावरून उचललं आणि डबा उघडला. ते कुठल्या राखाडीत ठेवायचं, ते तिला दिसेना.

"आण," ती म्हणाली.